नवी आवृत्ति

मनुष्यांचे दोन वर्ग सहज पाडतां येतात. एका वर्गाला नवी वस्तु दिसली कीं ती घरीं आणल्याशिवाय चैन पडत नाहीं. दुसऱ्या वर्गाला जुनी वस्तु मोडली तरी ती टाकवत नाहीं. मी दुसऱ्या वर्गांतला. माझी छत्री, माझा चष्मा आणि शेक्सपिअरवरचीं माझीं टिपणें हीं तिन्ही विद्यार्थ्यांच्या थट्टेचा विषय होऊन बसलीं आहेत, आणि ती थट्टा मला मनांतून आवडते, हें येथें कबूल करून टाकतों. अशा माणसाच्या घरांत एक यंत्र यावें, आणि त्यानें रोज सकाळीं "आपणांसाठीं कांहीं नवें आलें आहे, आतां घेतां कीं मागाहून घेतां?" असें नम्रपणें विचारावें, ही दैवाची थट्टाच म्हटली पाहिजे.

मुकुंदवाडींत रेल्वे स्थानकाच्या बाजूस आमचें घर आहे. २०२० सालीं टाळेबंदीमुळें महाविद्यालयाचे वर्ग घरूनच घ्यावे लागले, तेव्हां माझा जुना संगणक धापा टाकूं लागला. नवा घ्यावा, असें घरांतल्या सर्वांचें मत पडलें. माझें मत अर्थात् निराळें होतें. शेवटीं अभियांत्रिकी शिकणाऱ्या माझ्या मुलीनें त्याच यंत्रावर लिनक्स चढवून दिलें, आणि म्हातारा बैल नव्या गवतानें सुधारावा तसें तें यंत्र सुधारलें. लिनस टोरवाल्ड्स या फिनलंडमधील विद्यार्थ्यानें १९९१ सालीं ज्या गाभ्याला आरंभ केला, त्याच्याभोंवतीं देशोदेशींच्या लोकांनीं हजारों लहानमोठीं सॉफ्टवेअरें रचलीं. त्यांची निवड करून, मोट बांधून, ती मोट लोकांच्या हातीं देणाऱ्या संस्थाही पुष्कळ झाल्या. आमच्या घरीं आली ती मोट उबंटू नांवाची. तिची कालगणना मोठी सोपी आहे : आधीं वर्ष, मग महिना. २०.०४ म्हणजे २०२० सालचा एप्रिल. दर दोन वर्षांनीं एप्रिलांत दीर्घ मुदतीची एक आवृत्ति निघते, आणि तिला पांच वर्षें दुरुस्त्या पुरविल्या जातात. दुरुस्तीची मुदत आधींच सांगून ठेवणारा कारागीर मीं तरी दुसरा पाहिलेला नाहीं.

मुलीनें मला पहिला धडा दिला तो शब्दांचा. ती म्हणाली, "बाबा, अपडेट आणि अपग्रेड हे दोन शब्द तुम्ही एकच समजतां." तीस वर्षें इंग्रजी शिकविणाऱ्या माणसाला हें ऐकून घ्यावें लागलें! परंतु तिचें म्हणणें खरें होतें. आज्ञा लिहिण्याच्या काळ्या चौकटींत 'अपडेट' म्हटलें तर यंत्र एकही नवी वस्तु घेत नाहीं. तें फक्त भांडारांत आज काय काय आलें आहे याची ताजी यादी आणतें. 'अपग्रेड' म्हटलें म्हणजे त्या यादीप्रमाणें माल घरांत येतो. पहिलें म्हणजे वाण्याकडे जाऊन भाव विचारणें, दुसरें म्हणजे पिशवी भरून आणणें. नुसते भाव विचारून परत येणाऱ्या माणसाच्या घरीं चूल पेटत नाहीं. आणि भाव न विचारतां पिशवी उघडणाऱ्याच्या हातीं कालची भाजी पडते. म्हणून आधीं पहिली आज्ञा, मग दुसरी. या दोहोंहून वेगळा असा तिसरा प्रकार म्हणजे २०.०४ सोडून २२.०४ वर जाणें. तो बाजार नव्हे. तें घर बदलणें होय.

या भांडाराची व्यवस्था पाहून मला कौतुक वाटलें. भांडाराच्या यादीवर चालकांची सही असते, आणि यादींत प्रत्येक गठ्ठ्याची खूण नोंदलेली असते. सही जुळली नाहीं तर यंत्र कुरकुर करतें; गठ्ठ्याची खूण जुळली नाहीं तर तो माल उंबऱ्याबाहेरच राहतो. एका वस्तूला दुसऱ्या दहा वस्तु लागत असतील तर त्याही तें आपण होऊन मागवितें. लग्नघरांतल्या एखाद्या अनुभवी आत्याबाईला हें काम दिलें असतें तर तिनें तें याहून चोख केलें असतें असें मला वाटत नाहीं.

असें सर्व सुरळीत चाललें असतां एका मे महिन्यांत माझी श्रद्धा डळमळली. दुपारची वेळ होती. यंत्र नवा माल उलगडून जागच्या जागीं लावीत होतें, आणि तेवढ्यांत वीज गेली. संध्याकाळीं वीज आली तेव्हां पडदा उजळला, कांहीं इंग्रजी ओळी आल्या आणि यंत्र तेथेंच थबकलें. मुलीनें येऊन 'अर्धवट राहिलेलीं कामें पुरीं कर' अशा अर्थाची एक ओळ लिहिली. पांच मिनिटांत सर्व पूर्ववत् झालें. परंतु माझ्या मनावर परिणाम झाला तो त्या पांच मिनिटांचा नव्हे. त्याआधींच्या चार तासांचा झाला. त्या दिवसापासून यंत्रानें विचारलें कीं मी 'मागाहून' या शब्दावर बोट ठेवूं लागलों. पुढें मुलगी नोकरीसाठीं पुण्यास गेली, आणि 'मागाहून' हाच आमच्या घरचा नियम झाला.

आळसाला तत्त्वज्ञानाचें पांघरूण घालण्याची विद्या प्राध्यापकांना चांगली साधते. "चालतें आहे तें कशाला ढवळा?" हें माझें तत्त्वज्ञान. मुलगी दूरध्वनीवरून वाद घाली. २०१४ सालीं 'बॅश' नांवाच्या, लिनक्सवाल्यांच्या रोजच्या वापरांतल्या सॉफ्टवेअरांत एक मोठें भोंक सांपडलें. लोकांनीं त्याला 'शेलशॉक' हें नांव दिलें. तें भोंक १९८९ सालापासून तेथें होतें! पंचवीस वर्षें तें कोणाच्याच डोळ्याला दिसलें नाहीं; दिसल्यावर मात्र चोरालाही दिसलें आणि सावालाही. "म्हणजे बाबा, दुरुस्ती निघाल्याच्या दिवसापासून ती न घेणारा माणूस अधिक धोक्यांत असतो," असें ती म्हणे. मी उलट २०२४ सालच्या मार्चमधील गोष्ट सांगें. 'एक्सझेड' नांवाच्या, फायली दाबून लहान करणाऱ्या एका सॉफ्टवेअरांत कोणी एकानें बराच काळ विश्वासू सहकाऱ्याचें सोंग आणून, नव्या आवृत्तींतच चोरदरवाजा ठेवून दिला होता. आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याला आपल्या यंत्रांत शिरतांना सुमारें अर्धा सेकंद अधिक लागतो असें दिसलें. तो अर्धा सेकंद त्याला स्वस्थ बसूं देईना, म्हणून तो दरवाजा उघडकीस आला. उबंटूच्या २४.०४ ची चांचणी-प्रत त्यामुळें एक आठवडा लांबणीवर पडली. "पाहा, नव्याची घाई करणारेच फसले असते," मी विजयानें म्हणें. ती हंसून म्हणे, "बाबा, त्या माणसानें अर्धा सेकंद लक्ष दिलं. तुम्ही दोन वर्षं देत नाहीं." या उत्तराला प्रत्युत्तर नव्हतें.

मे २०२५ मध्यें माझ्या आवृत्तीची पांच वर्षांची मुदत संपली. आतां मात्र घर बदलणें भाग होतें. एका दीर्घ मुदतीच्या आवृत्तीवरून पुढच्या आवृत्तीवर पायरीपायरीनें जावें लागतें. मधली पायरी गाळतां येत नाहीं. मला दोन पायऱ्या चढायच्या होत्या. दोनदां जीव टांगणीला लावण्यापेक्षां सर्व पुसून २४.०४ अगदीं नव्यानें बसवावी, हा मार्ग मीं निवडला, आणि कोणासही न विचारतां निवडला. माझे सर्व कागद, टिपणें आणि छायाचित्रें यांची नक्कल मीं एका पेनड्राइव्हवर घेतली, ती दोनदां तपासली, आणि जुनें घर पाडलें. संध्याकाळीं नवें घर उभें राहिलें. मी इतका खूष झालों कीं, मुलीला दूरध्वनी करून माझ्या पराक्रमाचें सविस्तर वर्णन केलें.

त्यानंतर आठवड्याभरानें मीं अण्णांची फाईल उघडली.

अण्णा म्हणजे माझे वडील. पैठण तालुक्यांतल्या शाळांत त्यांनीं आयुष्यभर मुलें शिकविलीं. निवृत्तीनंतर ते टंकलेखन शिकले आणि एका जुन्या संगणकावर आपल्या आठवणी लिहूं लागले. १९४८ सालच्या सप्टेंबरांत ते तेरा वर्षांचे होते. १७ सप्टेंबरला निजामाच्या सैन्यानें शरणागति पत्करली, त्याच्या आधींचे आणि नंतरचे दिवस त्यांच्या गांवांत कसे गेले, हें त्यांनीं त्यांत लिहिलें होतें. एकशेंचाळीस पृष्ठें. त्यांतलीं पहिलीं वीस मीं वाचलीं होतीं. "वाचलंस का रे?" असें ते मधूनमधून विचारीत. "सुटींत वाचतों, अण्णा," असें मी म्हणें. २०१२ सालीं अण्णा गेले. सुट्या त्यानंतरही पुष्कळ आल्या.

ती फाईल उघडली तेव्हां पडद्यावर मराठी नव्हतें. रोमन अक्षरें, कंस, स्वल्पविराम, टक्क्याचीं आणि डॉलरचीं चिन्हें यांच्या मुंग्या एकशेंचाळीस पृष्ठांवर पसरल्या होत्या. एकही शब्द लागेना.

कारण कळायला दूरध्वनीवर अर्धा तास लागला. युनिकोड या जागतिक लेखनव्यवस्थेंत देवनागरीला १९९१ पासून स्थान आहे. परंतु अण्णा लिहीत होते त्या काळीं आपल्याकडे दुकानोदुकानीं निराळीच रीत चाले. रोमन अक्षरांच्या जागीं देवनागरी आकार बसविलेले फाँट वापरीत. संगणकाच्या लेखीं तो मजकूर रोमनच. त्यावर देवनागरीचा अंगरखा चढविण्याचें काम फाँटाचें. अण्णांचा तो फाँट मीं पूर्वीं माझ्या यंत्रांत ठेवला होता, तो एका अदृश्य कप्प्यांत. लिनक्सांत ज्या कप्प्याचें नांव टिंबानें सुरू होतें तो नेहमींच्या नजरेला दिसत नाहीं. तो दाखव असें मुद्दाम सांगावें लागतें. मीं दिसलें तेवढें सर्व उचललें होतें. जें दिसत नव्हतें तें घराबरोबर पाडलें. अण्णांचें एकही अक्षर नाहींसें झालें नव्हतें. नाहींशी झाली होती ती वाचणारी दृष्टि.

त्या रात्रीं मला झोंप आली नाहीं. आमच्या भागांत जुन्या वाड्यांतून मोडी कागदांचे रुमाल पडून असतात. कागद शाबूत, शाई शाबूत, आणि घरांतल्या एकालाही तो वाचतां येत नाहीं. मराठी लेखन मोडींतून बाळबोधींत आलें तेव्हां कोणीं कांहीं जाळलें नाहीं. नुसती वाचणारी पिढी मागें राहिली. २०२३ सालीं मराठवाड्यांतल्या निजामकालीन नोंदी शोधण्याचें काम निघालें, तेव्हां मोडी आणि उर्दू वाचणारीं माणसें आधीं शोधावीं लागलीं. मी अशा गोष्टींवर वर्गांत मोठ्या करुण स्वरानें बोलत असें. आतां माझ्याच टेबलावर एक रुमाल येऊन पडला होता, आणि तो मीं स्वतः एका दुपारींत बांधला होता.

दुसरी गोष्ट आठवली ती नहरीची. मलिक अंबरानें १६१० सालीं हें गांव खडकी या नांवानें वसविलें, आणि डोंगराकडचें पाणी जमिनीखालून गांवांत आणलें. त्या नहरीला जागोजागीं वर उघडणारीं भोकें ठेवलीं होतीं, तीं आंत उतरून गाळ काढतां यावा म्हणून. बांधणारानें गाळ येणार हें गृहीत धरलें होतें. पुढें गांवाचीं नांवें बदललीं, राज्यें बदललीं. नहरीचें पाणी पिढ्यानपिढ्या चालत राहिलें, आणि बहुतेक ठिकाणीं तें आटलें तें कोणा शत्रूमुळें नव्हे, तर गाळ काढण्याची रीत सुटल्यामुळें. आज आमच्या नळाला पाणी कांहीं दिवसांआड येतें, आणि आम्ही पिंपें भरून ठेवतों. माझें 'मागाहून' हा असाच सांचत गेलेला गाळ होता. आठवड्याला थोडा काढला असता तर एके दिवशीं सगळी नहरच खणून काढण्याची पाळी आली नसती.

फाँट शोधण्यांत पंधरा दिवस गेले. अण्णांचा संगणक केव्हांच भंगारांत गेला होता. शेवटीं कोणीतरी गुलमंडीच्या बाजूस लग्नपत्रिका छापणाऱ्या एका गृहस्थांचें नांव सुचविलें. त्यांच्या दुकानांत भिंतीकडे तोंड करून एक धुळकट यंत्र बसलें होतें. मीं फाईल दिली. त्यांनीं ती उघडली. आणि अण्णांचें पहिलें वाक्य माझ्यासमोर उभें राहिलें. मी कांहीं बोललों नाहीं. ते गृहस्थच म्हणाले, "सर, ह्या मशिनला इंटरनेटची तारच लावलेली नाहीं. तार लावली कीं हें नवं मागतं, आणि नवं दिलं कीं माझे जुने फाँट रुसतात." त्यांनीं फाँट दिला आणि पैसे घेण्याचें नाकारलें. पत्रिका मात्र त्यांच्याकडेच छापायची, असें मीं मुलीला न विचारतांच कबूल करून आलों.

हा अनुभव माझ्या जुन्या तत्त्वज्ञानाला आधार देतो, असें कोणास वाटेल. तसें तो देत नाहीं. त्या गृहस्थांनीं यंत्र जुनें ठेवलें तें जाणूनबुजून, त्याची तार काढून आणि त्याला एकच काम नेमून देऊन. मीं माझें यंत्र जुनें ठेवलें तें तार तशीच ठेवून, आणि केवळ बोट उचलण्याच्या कंटाळ्यानें. दोन्ही यंत्रें सारखींच जुनीं दिसतात. परंतु एक जपलेलें असतें आणि दुसरें टाकलेलें असतें.

मग त्या मजकुराचें युनिकोडांत रूपांतर करण्याचें काम निघालें. यासाठीं रूपांतरक मिळतात. पण ते सगळें काम करीत नाहींत. टंकलेखनांत पहिली वेलांटी अक्षराच्या आधीं उमटविली जाई, युनिकोडांत ती अक्षराच्या नंतर नोंदतात. रफाराचें याच्या बरोबर उलट. या स्थलांतरांत कांहीं वेलांट्या शेजारच्या घरीं गेल्या, कांहीं रफार वाटेंत हरवले. तीं एकशेंचाळीस पृष्ठें ओळीनें वाचून सुधारण्यावांचून गत्यंतर नव्हतें. अशा रीतीनें मीं अण्णांच्या आठवणी वाचल्या. सुटींत नव्हे, तर कामाच्या दिवसांत, रोज पहाटे दोन दोन पानें करून. आजीनें कणगींत जोंधळ्याखालीं दडविलेलीं पुस्तकें, पोलीस कारवाईच्या दिवसांत बंद राहिलेली शाळा, आणि पुढें माझ्या आईच्या आजारपणांत मला कळूं न देतां त्यांनीं विकलेलें शेत, हें सर्व मला तेव्हां प्रथम कळलें. शेताविषयीं विचारायला आतां कोणी नव्हतें.

शेवटच्या पानावर माझ्यासाठीं एक सूचना होती : शुद्धलेखनाच्या चुका असतील त्या चिरंजीवानें दुरुस्त कराव्या, मजकूर मात्र बदलूं नये.

आणि येथेंच पेंच पडला. यंत्राचा शुद्धलेखन-तपासनीस अण्णांच्या प्रत्येक ओळीखालीं तांबडी रेघ ओढीत होता. अण्णा शाळेंत शिकले तें जुन्या पद्धतीनें, प्रत्येक अनुच्चारित अनुस्वार जागच्या जागीं देऊन. १९६२ सालीं साहित्य महामंडळाच्या नियमांनीं ते अनुस्वार रद्द झाले. अण्णा सरकारी शाळेंतले शिक्षक. ते मुलांना नवेच नियम शिकवीत आणि मुलांच्या वह्यांतले फाजील अनुस्वार तांबड्या शाईनें खोडीत. घरीं स्वतःच्या वहींत मात्र ते जुन्याच रीतीनें लिहीत. "एवढी एक आज्ञा लिहिली कीं बहुतेक अनुस्वार जातील, बाबा," असें मुलगी म्हणाली. यंत्राला तें सहज शक्य होतें. परंतु ही चूक, कीं हा मजकूर?

येथून पन्नासएक किलोमीटरवर पैठणास एकनाथांनीं शके १५०६ मध्यें, म्हणजे १५८४ सालीं, ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली. तीनशें वर्षांच्या नकलांनीं त्या ग्रंथांत अपपाठ शिरले होते. नाथांनीं प्रती ताडून ते काढले, आणि आपली ओवी यांत कोणीं घालूं नये अशी ताकीदही देऊन ठेवली. इतक्या अधिकारी पुरुषानें इतक्या संकोचानें केलेलें हें काम. तरीसुद्धां त्याच्याही पूर्वींचा पाठ कसा होता हें अभ्यासकांना पाहावेंसें वाटलें, आणि १९०९ सालीं इतिहासाचार्य राजवाडे यांनीं एकनाथपूर्व म्हणून एक प्रत प्रसिद्ध केली. नकलेंत शिरलेलें काढावें, लिहिणाऱ्यानें घातलेलें राहूं द्यावें, एवढाच अर्थ मीं यांतून घेतला. हललेल्या वेलांट्या रूपांतरकाच्या होत्या. त्या मीं सुधारल्या. अनुस्वार अण्णांचे होते; ते मीं ठेवले. तपासनिसाच्या तांबड्या रेघा बंद करून टाकल्या. त्यासाठींही एकच खूण पुसावी लागते.

आतां दर रविवारीं सकाळीं मी आधीं नक्कल घेतों, टिंबाच्या कप्प्यांसकट. ती दोन ठिकाणीं ठेवतों. मग यादी मागवितों, ती वाचतों, आणि माल आणवितों. वीज गेली तर यंत्राला थोडा अवधि मिळावा म्हणून खालीं एक बॅटरी बसविली आहे. एवढें करून वर्षाला फार तर दोनचार तास खर्ची पडत असतील. 'मागाहून' हा शब्द पडद्यावर अजून येतो. कधींकधीं, परीक्षेच्या उत्तरपत्रिका समोर असतांना, मी त्यावर बोटही ठेवतों. पण दिवस मोजून ठेवतों.

अण्णांचीं तीं पानें सुधारतांना चार महिने गेले, आणि त्यांत माझा हात बिघडला. हा लेख त्या बिघडलेल्या हातानें लिहिला आहे. शाळेंत याच अनुस्वारांसाठीं मीं अण्णांकडून हातावर छडी खाल्ली होती. संपादकांना अडचण नसेल तर त्यांनीं ते तसेच राहूं द्यावेत.